पाठीतले पाणी आणि शाईचा थेंब

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सला गावात कुणी पूर्ण नावाने ओळखत नाही, ती 'एच. ए. कंपनी'. केंद्र सरकारने १९५४ मध्ये ती काढली. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ पाठवले आणि १९५५ मध्ये इथून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. तेव्हा चिंचवडला टेल्को नव्हती, आकुर्डीला बजाज नव्हती आणि एमआयडीसी स्थापन व्हायला अजून सात वर्षे होती. उद्योगनगरीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण स्कूटर आणि ट्रकपासून सुरुवात करतात. खरी सुरुवात बुरशीपासून आहे, कारण पेनिसिलिन ही बुरशीचीच करामत.

त्याच पट्ट्यात पुढे चाळीसएक वर्षांनी दुसरी एक बुरशी माणसांच्या मेंदूपर्यंत पोचू लागली आणि ती ओळखताना भलेभले डॉक्टर चकले. नवल असे की तिच्या कुळातल्या बुरशींना मारणारे एक औषध पिंपरीच्या मातीत तीस वर्षे आधीच सापडलेले होते.

ते शोधणाऱ्यांचे प्रमुख होते डॉ. एम. जे. थिरुमलाचार. एच. ए.च्या संशोधन विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती, पण माणूस मूळचा पिकांवरच्या बुरशींचा अभ्यासक. तांबेरा आणि काणी हे त्यांचे जुने विषय. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू राहतात. शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी ते निरनिराळी रसायने सोडतात आणि जगातली निम्मीअधिक प्रतिजैविके या भांडखोर कुळाकडून आली आहेत. म्हणून औषध शोधणाऱ्याचे पहिले काम माती गोळा करण्याचे. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, तो द्राव काचेच्या बशीतल्या आगरवर पसरायचा, उगवलेल्या प्रत्येक ठिपक्याला वेगळे वाढवून बुरशीच्या शेजारी ठेवायचे. ज्या ठिपक्याभोवती बुरशी वाढायची थांबेल तो कामाचा. बाकीचे, म्हणजे जवळपास सगळेच, फेकून द्यायचे.

१९६१ मध्ये थिरुमलाचार, मेनन आणि भट यांनी 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन'मध्ये अशा एका कामाच्या ठिपक्याची हकिकत छापली. औषधाचे नाव हॅमायसिन; ते देणाऱ्या जिवाणूचे नाव त्यांनी ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. भारतात शोधल्या गेलेल्या पहिल्या काही प्रतिजैविकांत हॅमायसिनची गणना होते. पाठोपाठ याच प्रयोगशाळेतून डर्मोस्टॅटिन आणि पिकांसाठीचे ऑरिओफंगिन आले.

हॅमायसिन पॉलिईन गटातले. याच गटातले जगप्रसिद्ध औषध म्हणजे अँफोटेरिसिन-बी. अमेरिकेच्या स्क्विब कंपनीने ते व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून १९५० च्या दशकात मिळवले. दोघांची काम करण्याची रीत एकच. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल असते, माणसाच्या पडद्यात कोलेस्टेरॉल. पॉलिईन औषध अर्गोस्टेरॉलला चिकटते, पडद्याला भोके पाडते आणि पेशी आतून गळून मरते. अडचण ही की अर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल दिसायला सख्खे भाऊ, त्यामुळे माणसाच्या मूत्रपिंडालाही मार बसतो. हॅमायसिनची आणखी एक अडचण होती: ते पाण्यात विरघळेना आणि पोटातून रक्तात धड शोषले जाईना. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉन उट्झ आणि शॅडोमी यांनी त्याची बारीक कणांची आवृत्ती शरीरात खोलवर गेलेल्या बुरशीच्या रुग्णांवर वापरून पाहिली. पुढे मात्र हॅमायसिन तोंडातल्या पांढऱ्या बुरशीवर आणि अशाच वरवरच्या आजारांवर लावण्याचे औषध म्हणून उरले. मेंदूपर्यंत जायचा मान ओरिनोकोच्या मातीला मिळाला.

एच. ए.मध्ये १९६० च्या दशकात आणखी एक औषध बनू लागले, स्ट्रेप्टोमायसिन. क्षयरोगावरचे ते पहिले खरे औषध, आणि क्षयाचा मेंदूज्वर झालेला माणूस जगू शकतो हे दाखवणारेही तेच पहिले. म्हणजे एकाच आवारात क्षयाचे औषध तयार होत होते आणि बुरशीचेही. पुढे रुग्णालयांमध्ये जो घोळ झाला तो नेमका या दोन आजारांमधला होता.

बुरशीचे नाव क्रिप्टोकोकस. १८९४ मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथे ओटो बुसे आणि अब्राहम बुश्के यांना ती एका तरुण स्त्रीच्या नडगीच्या हाडात सापडली. त्याच वर्षी इटलीत सानफेलिचे यांना ती पीच फळाच्या रसात दिसली. १९५५ मध्ये अमेरिकेच्या चेस्टर एमन्स यांनी तिचे मोठे घर दाखवून दिले: कबुतरांची विष्ठा. वाळलेली विष्ठा धूळ होते, धुळीबरोबर बुरशी छातीत जाते. बहुतेकांना कळतही नाही. शरीर तिला फुप्फुसातच अडवून ठेवते आणि माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो. शरीराचा पहारा ढिला पडला, म्हणजे एचआयव्ही, किडनी प्रत्यारोपणानंतरची औषधे, रक्ताचा कर्करोग, महिनोन्‌महिने चाललेले स्टेरॉइड, तर ती रक्तातून निघते आणि मेंदूच्या आवरणात ठाण मांडते. मेंदूच तिला इतका का आवडतो याची पुरती उकल अजून झालेली नाही.

या बुरशीला ओळखण्याची एक युक्ती महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघराला फार जवळची आहे. १९६२ मध्ये फ्रीडरिश श्टाइब या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की पक्ष्यांच्या दाण्यातल्या एका तेलबीच्या अर्कावर वाढवली की क्रिप्टोकोकसची वसाहत काळसर तपकिरी होते आणि इतर यीस्ट पांढरे राहतात. ती तेलबी म्हणजे कारळे. कारळ्यातल्या एका घटकाचे ही बुरशी आपल्या विकराने मेलॅनिन करते. माणसाच्या केसात आणि कातडीत असते तेच मेलॅनिन, आणि तेच अंगाभोवती बाळगून ती शरीराच्या हल्ल्यातून वाचते. कारळ्याचे आगर आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. ज्या बीची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते तिच्यावर मेंदूज्वराचे निदान होते, हे पुण्यात वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या मुलांनाही सहसा पाठ्यपुस्तकातल्या लॅटिन नावामुळे लक्षात येत नाही.

थिरुमलाचार यांच्याबरोबर पुण्याच्या मातीतल्या बुरशी हुडकणाऱ्यांत अरविंद पाध्ये होते. ते पुढे अमेरिकेच्या सीडीसीमध्ये गेले. क्रिप्टोकोकसचा 'गॅटी' नावाचा भाऊबंद, जो धडधाकट माणसालाही गाठू शकतो, तो भारतात आहे हे सांगणारा एक महत्त्वाचा शोधनिबंध १९९३ मध्ये चंडीगडच्या अरुणालोक चक्रवर्ती आणि इतरांसह प्रसिद्ध झाला. त्यावर पहिले नाव पाध्ये यांचे आहे.

तोवर काळ बदलला होता. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग उघड झाले आणि पाच-सहा वर्षांत महाराष्ट्र या साथीच्या मध्यभागी आला. ऑक्टोबर १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उघडली ती भोसरीच्या एमआयडीसीत, लेथ आणि प्रेस चालणाऱ्या शेडच्या शेजारी. 'नारी' या नावाने तिला सगळे ओळखतात. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत नारीच्या लोकांनी जे काम केले त्यातला एक आकडा अजूनही बोचतो. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. ज्या वेश्याव्यवसायात नव्हत्या अशांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण होती, आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याव्यतिरिक्त कुणाशी संबंध आलेला नव्हता. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. 'हा ट्रकवाल्यांचा आजार' म्हणून हात झटकणाऱ्यांना त्यानंतर बोलायला फारशी जागा उरली नाही.

उपचार मात्र हाती नव्हते. एचआयव्हीची औषधे श्रीमंतांनाही परवडत नव्हती, मग तीन पाळ्यांत काम करणाऱ्याची काय कथा. लागण होऊन सात-आठ वर्षे गेली की प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी-४ पेशी शंभराच्या खाली येत आणि आजारांची रांग लागे. त्या रांगेत क्षय सगळ्यांत पुढे, आणि थोडे मागे, फार आवाज न करता, क्रिप्टोकोकस. रूबी हॉलचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. आर. एस. वाडिया, डॉ. संजय पुजारी आणि सहकाऱ्यांनी एचआयव्ही मज्जासंस्थेवर काय काय करतो याची पुण्यातल्या रुग्णांवरची मोठी मालिका २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना हा आजार तोंडओळखीचा झाला होता. कारखान्यांच्या पट्ट्यात तो फक्त डोकेदुखीच्या वेशात फिरत होता.

डोकेदुखी, हीच त्याची खोड. जिवाणूंचा मेंदूज्वर दोन दिवसांत माणसाला पाडतो. मान ताठ, ताप फणफणलेला, घरचे लगेच रिक्षा बोलावतात. क्रिप्टोकोकस दोन-तीन आठवडे काढतो. डोके ठणकते, अधूनमधून बारीक ताप, सकाळी उलटी. मान बऱ्याचदा ताठ नसतेच. चाकणच्या कंत्राटी कामगाराने अशा डोकेदुखीचे काय करावे? मेडिकलमधून गोळी. मग गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन आणि 'अॅसिडिटी आहे, जागरण कमी करा' हा सल्ला. पाळी बदलली की झोप मोडतेच, त्यामुळे सल्ला त्यालाही पटतो. दोन दोन दिसू लागले किंवा बोलणे असंबद्ध झाले की मग वायसीएम.

वायसीएम, म्हणजे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, हे पिंपरी-चिंचवड महापालिकेचे. त्याच्या शेजारी डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय, आणि थोड्या अंतरावर एच. ए.; तिघांचा पिनकोड एकच, ४११०१८. हॅमायसिनची माती आणि क्रिप्टोकोकसचे रुग्ण एकाच टपाल वाटपात.

इथे पहिली लढाई सुईशी. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी कमरेच्या दोन मणक्यांमधून काढायचे, ही क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केलेली रीत. नातेवाइकांच्या डोक्यात मात्र पक्के बसलेले: पाठीतले पाणी काढले की माणूस कमरेतून जातो. कुणाचा तरी चुलता असा गेलेला असतोच. तो बहुधा आजाराने गेलेला असतो, पण सुई आठवणीत राहते. सहीसाठी अर्धा दिवस जातो, कधी गावाहून भाऊ येईपर्यंत दीड दिवस.

पाणी आले की दुसरा चकवा. क्षयाच्या मेंदूज्वरात पाण्यात लिंफोसाइट पेशी वाढतात, प्रथिने वाढतात, साखर उतरते. क्रिप्टोकोकसमध्येही हेच. आणि ज्याची प्रतिकारशक्ती अगदीच संपली आहे त्याच्या पाण्यात तर पेशी नावालाच असतात, कारण लढायला कुणी शिल्लकच नसते. रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल येतो आणि वाचणारा निर्धास्त होतो. क्षयाच्या शंकेसाठी आपल्याकडे एडीए ही तपासणी सर्रास सांगतात. ती क्रिप्टोकोकसमध्येही वाढू शकते. महाराष्ट्रातल्या डॉक्टरने लिंफोसाइट पाहून क्षय म्हटले तर त्याला वेड्यात काढता येणार नाही, आकडेवारी त्याच्याच बाजूने आहे. दर दहांतल्या काही जणांच्या बाबतीत मात्र ती उलटते, आणि त्या काही जणांना टीबीच्या गोळ्यांबरोबर स्टेरॉइड सुरू होते.

स्टेरॉइडचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. क्षयाच्या मेंदूज्वरात डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात, हे व्हिएतनाममध्ये २००४ मध्ये सिद्ध झाले. मग क्रिप्टोकोकसमध्येही ते उपयोगी पडेल असे वाटणे साहजिक होते. आशिया-आफ्रिकेतल्या सहा देशांत तशी चाचणी सुरू झाली आणि ती मधेच थांबवावी लागली: स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या पाण्यातली बुरशी सावकाश मरत होती आणि अपंगत्व जास्त येत होते. २०१६ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्याआधी भारतभर किती रुग्णांना 'टीबी मेंदूज्वर' म्हणून स्टेरॉइड मिळाले असेल याची मोजदाद कुठल्याच नोंदवहीत नाही. चुकीचे निदान म्हणजे फक्त वेळ वाया, असा ज्यांचा समज असेल त्यांनी २०१६ चा तो शोधनिबंध मुळातून वाचावा.

हे सगळे टाळणारी तपासणी स्वस्तात स्वस्त. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी काळी ड्रॉइंग इंक, म्हणजे इंडिया इंक, नाहीतर नायग्रोसिन. पाठीतले पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाला बसलेला गाळ घ्यायचा, काचपट्टीवर त्याचा एक थेंब, शेजारी शाईचा छोटा थेंब, मिसळून वर कव्हरस्लिप. शाईचा थर इतकाच पातळ की पट्टी वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरे वाचता यावीत. मग सूक्ष्मदर्शक. सगळे काळे, आणि त्या काळ्यात एखादी गोल पेशी, तिच्याभोवती पांढरे रुंद वलय, चंद्राला पडते तसे खळे. शाईचे कण बुरशीच्या जाड चिकट कवचात शिरत नाहीत, म्हणून ते खळे दिसते. एखाद्या पेशीला अंकुर फुटलेला दिसला की शंका संपते.

नवख्याला लिंफोसाइटही तसाच भासतो. हवेचा बुडबुडा, तेलाचा थेंब, हातमोज्यांची पावडर, सगळ्यांना वलये असतात. शाईची बाटली महिनोन्‌महिने उघडी राहिली तर तिच्यातच यीस्ट वाढते, म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी नुसती शाई तपासतो. पाण्यात बुरशी भरपूर असेल तर शाई चुकत नाही. एचआयव्हीच्या उशिरा आलेल्या रुग्णात ती दहांपैकी आठ वेळा तरी सापडते. ज्यांच्यात बुरशी थोडी, उदाहरणार्थ किडनी बदललेला किंवा स्टेरॉइडवरचा रुग्ण, तिथे शाई निम्म्या वेळा हात टेकते. आणि संध्याकाळी साडेसातला आलेला नमुना फ्रीजमध्ये ठेवून उद्या बघू म्हटले, किंवा तपासणीच्या फॉर्मवर कुणी 'इंडिया इंक' लिहिलेच नाही, तर ती तपासणी होतच नाही. बहुतेक चुकलेल्या निदानांच्या मुळाशी कुठली अवघड गोष्ट नसते, हा न भरलेला रकाना असतो.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दाब. क्रिप्टोकोकसचे चिकट कवच पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा तुंबवते आणि डोक्यातला दाब चढतो. सुई आत गेल्यावर पाणी धारेने येते की ठिबकते हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसते, पण ते मोजून लिहिणारे थोडे. मॅनोमीटर नसेल तर सलाइनच्या नळीचा तुकडा सुईला जोडून उभा धरतात आणि पट्टीने पाण्याची उंची मोजतात. २५ सेंटिमीटरच्या वर दाब असेल तर वीस-तीस मिलीलिटर पाणी काढावे लागते, कधी रोज. डोकेदुखीने विव्हळणारा माणूस पाणी काढल्यावर तासाभरात उठून बसतो, हे ज्यांनी पाहिले त्यांना सुईविषयी पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. दाब सोडला नाही तर डोळ्यांच्या नसा जातात. अँफोटेरिसिन वेळेवर मिळूनही दृष्टी गमावलेले रुग्ण याच कारणाने.

अँफोटेरिसिनचीही एक मराठी कथा आहे. साधे अँफोटेरिसिन थंडी वाजवते, पोटॅशियम पाडते, किडनी बिघडवते. ते चरबीच्या सूक्ष्म थैल्यांत भरले की त्रास बराच कमी होतो, पण परदेशी लायपोसोमल इंजेक्शनची किंमत इथल्या रुग्णाच्या आवाक्याबाहेर. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांबरोबर देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन तयार केले आणि ते रुग्णांपर्यंत नेले.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधे फुकट द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. होते. पुढे ही केंद्रे वाढत गेली आणि वायसीएममध्येही एआरटी केंद्र आले. रांगेतले आजार कमी झाले. पण इथे एक अनपेक्षित धडा मिळाला. मेंदूत क्रिप्टोकोकस असताना एचआयव्हीची औषधे लगेच सुरू केली तर जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूतच आग लावते. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, एक-दोन आठवड्यांत औषधे सुरू केलेल्यांपैकी ४५ टक्के लोक सहा महिन्यांत दगावले; पाचेक आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. 'लवकर सुरू करा' हा एचआयव्ही उपचारातला मूलमंत्र. तो पाळण्याआधी डोकेदुखीची चौकशी करणे आता भाग पडले, आणि निदानाचे महत्त्व आणखी वाढले.

मग आली पट्टी. बुरशीच्या कवचाचे तुकडे, म्हणजे अँटिजेन, पाण्यात आणि रक्तात तरंगत असतात. १९६० च्या दशकापासून ते लेटेक्सच्या कणांनी पकडता येत होते, पण त्याला प्रयोगशाळा, थंड साठवण आणि सरावाचा हात लागे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधल्या इमी या कंपनीने ते काम कागदाच्या पट्टीवर आणले. २०११ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. नमुन्याचा थेंब, द्रावणाचा थेंब, पट्टी उभी, दहा मिनिटे. दोन रेषा आल्या तर बुरशी आहे. फ्रीज नको, सूक्ष्मदर्शक नको, आणि अचूकता ९९ टक्क्यांच्या घरात. शाईला जे जमत नव्हते, म्हणजे थोडी बुरशी असलेला रुग्ण पकडणे, ते पट्टीला जमते.

तिचा खरा उपयोग मेंदूज्वराच्याही आधी आहे. युगांडातल्या एका जुन्या अभ्यासात दिसले होते की डोकेदुखी सुरू होण्याच्या सुमारे तीन आठवडे आधीपासून रक्तात अँटिजेन सापडते. म्हणजे मेंदूज्वर होण्यापूर्वी पकडता येतो आणि साध्या फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांनी थोपवता येतो. ज्यांच्या सीडी-४ पेशी शंभराच्या खाली आहेत अशा प्रत्येक एचआयव्ही रुग्णाचे रक्त या पट्टीवर तपासा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१८ मध्ये तिने ही मर्यादा दोनशेपर्यंत वाढवता येईल असेही म्हटले. जगाचे आकडे हळूहळू उतरत आहेत. २०१४ साली एचआयव्ही असलेल्यांत या मेंदूज्वराचे अंदाजे २ लाख २३ हजार रुग्ण आणि १ लाख ८१ हजार मृत्यू धरले गेले. २०२० साठीचा अंदाज १ लाख ५२ हजार आणि १ लाख १२ हजारांचा.

मे २०२१ मध्ये बुरशी हा शब्द अचानक प्रत्येकाच्या तोंडी आला. कोविडमधून उठलेल्या, साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या लोकांना म्युकरमायकोसिस झाला. पुणे जिल्हा आणि पिंपरी-चिंचवडने त्याचा मोठा मार खाल्ला. आजार वेगळा, नाकातून डोळ्याकडे आणि डोळ्यातून मेंदूकडे चालणारा, पण औषध तेच. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्हाधिकारी कार्यालयांत रांगा लावून उभे होते. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने त्या महिन्यात उत्पादन सुरू केले ही तेव्हाची मोठी बातमी होती. एच. ए. त्या वेळी कुठे होती? १९९० च्या दशकात आजारी उद्योग ठरलेली, कामगारांच्या थकलेल्या पगारांसाठी आणि विक्रीला काढलेल्या जमिनीसाठी बातम्यांत येणारी. बुरशीवरचे देशी औषध ज्या प्रयोगशाळेत जन्मले तिची ही अवस्था योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. प्रतिजैविकांचा कच्चा माल चीनमधून स्वस्त मिळतो म्हणून आपण ती विद्या मोडीत काढली, त्याची ही किंमत.

म्युकरने एक मात्र केले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना बुरशीची शंका घ्यायची सवय लागली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाखाली नाकातली खपली बघणारे हात शाईच्या थेंबाकडेही वळले.

दक्षिण आफ्रिकेने २०१६ मध्ये एक साधा बदल केला. सीडी-४ साठी आलेल्या रक्तात पेशी शंभराच्या खाली निघाल्या की उरलेल्या रक्तावर प्रयोगशाळा स्वतःहून अँटिजेनची तपासणी करू लागली. डॉक्टरने फॉर्मवर काही लिहायची गरज नाही. पाळीत थकलेला, ओपीडीत शंभरावा रुग्ण बघणारा डॉक्टर विसरला तरी रुग्ण सुटत नाही. एआरटी केंद्रे, सीडी-४ यंत्रे आणि पट्टी, तिन्ही असलेल्या पिंपरी-चिंचवडसारख्या शहराला हे सहज जमण्यासारखे आहे.

एचआयव्ही नसलेल्यांचे मात्र तसे नाही. डायलिसिसनंतर किडनी बदलून घेतलेला चाकणचा फोरमन, संधिवातासाठी वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेणारी गृहिणी, लिव्हर खराब झालेला मध्यमवयीन माणूस, यांचे सीडी-४ कुणी करत नाही. त्यांचे रक्त आपोआप पट्टीपर्यंत जाणार नाही. तीन आठवड्यांच्या डोकेदुखीची तक्रार घेऊन ते आले की पाठीतले पाणी काढताना फॉर्मवर क्षयाच्या तपासण्यांखाली आणखी एक ओळ लिहावी लागते, आणि ती डॉक्टरने स्वतःच्या हाताने लिहायची असते.